मिस्त्रींच्या हातची भवानी

“वहिनी, वामनरावांच्या हातची भवानी झाल्याशिवाय ती बाई मालावरचं फडकंसुद्धा काढत नाही, ठाऊक आहे का तुम्हाला?”

करडे भाऊजींनी हे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून सांगितलं आणि वर स्वतःच हसले. मी नळावर धुणं पिळत होते. हातात नेमका ह्यांचाच सदरा होता. तो मी इतका पिळला की एक बटण तुटून मोरीत गेलं.

“कोण बाई?”

“अहो, हौसाबाई! जुन्या बाजारात बसते ती. लोखंडाचा माल असतो तिच्याकडे. पान्हे, कानशी, ड्रिलं, काय मागाल ते. बाकीची गिऱ्हाइकं ताटकळतात, पण बाई ढिम्म. म्हणते, मिस्त्री येऊ द्यात, त्यांच्या हाताला गुण आहे. त्यांनी दिवसाचा पहिला पैसा ठेवला की दुपारपर्यंत सगळा माल खपतो म्हणे.”

“मिस्त्री कोण?”

“घ्या! वामनरावच की. तिकडे त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात.”

करडे भाऊजी आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. तांब्यापितळेची जुनी भांडी घ्यायची, घासूनपुसून पुन्हा विकायची, हा त्यांचा धंदा. त्यामुळे बुधवार-रविवार तेही जुन्या बाजारात असायचे. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. बोलायचं ते बोलून ते वर निघून गेले आणि मी नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिले.

रविवारी सकाळी हे जुन्या बाजारात जायचे, हे काही मला नवं नव्हतं. हडपसरच्या एका कारखान्यात हे फिटर होते. आठवडाभर लोखंडात असायचे आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा लोखंडच बघायला जायचे. येताना पोत्यात काहीतरी तेलकट, गंजकं घेऊन यायचे आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवायचे. मी एकदा म्हटलं होतं, “आमच्या बाबांनी मला भंगारवाल्याला दिली असती, तर निदान वजनावर पैसे तरी आले असते.” त्यावर हे “हं” म्हणाले होते.

आमच्या ह्यांना घरात बोलायला पैसे पडायचे. आमटीत मीठ कमी झालंय का, असं विचारलं की “हं”. जास्त झालंय का, तरी “हं”. मी समजूत घालून घेतली होती की काही माणसं अशीच असतात, देव त्यांना शब्द मोजून देतो. आणि आता हे ऐकत होते की कुणी एक हौसाबाई माझ्या नवऱ्याच्या हाताची वाट बघत भर बाजारात माल झाकून बसते.

मला मत्सर वाटला. उगाच दुसरा गोड शब्द कशाला शोधू? तळपायाची आग मस्तकात गेली. लोक म्हणतात, संसारात एवढं तेवढं मनावर घेऊ नये. म्हणणाऱ्यांचं काय जातं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पुढच्या रविवारी हे पोतं घेऊन बाहेर पडले, तशी मी मुलांना खालच्या काकूंकडे सोडलं आणि मागोमाग निघाले. मंगळवार पेठेत रस्त्याच्या कडेने बाजार मांडला होता. जुने कोट, बिनकाट्यांची घड्याळं, फुटक्या कपबशा, आणि मग लोखंडाची लांबच लांब ओळ. ट्रंका विकणाऱ्या एका माणसाच्या ढिगाआड मी उभी राहिले. तो म्हणाला, “बघा बाई, लोखंडी आहे, मुलीच्या लग्नाला चालेल.” मी म्हटलं, “बघतेच आहे.”

हौसाबाई माझ्याच वयाची होती. सावळी, रुंद कपाळाची, ठसठशीत कुंकू लावलेली. देखणी होती, खोटं कशाला सांगू? हातभर लांबीचा पान्हा ती पळी उचलावी तसा उचलत होती. एका भरल्या पोत्यावर बसली होती आणि पुढ्यातला सगळा माल चादरीखाली झाकलेला होता. पलीकडच्या बाजूला तिचा नवरा सायकलींचे सुटे भाग मांडून बसला होता आणि बसल्या बसल्या झोपला होता.

हे दिसल्याबरोबर तिने चादर ओढली. हे उकिडवे बसले, एक पोलादी पट्टी उचलली, अंगठ्याने पुसली आणि तिच्या हातावर पैसे ठेवले. तिने ते कपाळाला लावले, मालावरून ओवाळले आणि कनवटीला खोचले. झाली भवानी. बाकीची गिऱ्हाइकं मग पुढे सरकली. पण हे उठले नाहीत. तिथेच मांडी घालून बसले.

“हौसाबाई, ही कानस आहे का घसरगुंडी?” ह्यांनी एक झिजून गुळगुळीत झालेली कानस वर धरली.

“मंग बसा की तिच्यावर आन् घसरा!”

दोघंही हसली. माझा नवरा विनोद करत होता. मी ट्रंकेची कडी घट्ट धरली.

मग तिने फडक्यातून भाकरी काढली, त्यावर ठेचा घातला आणि अर्धी मोडून ह्यांना दिली. घरी ह्यांना तिखट सोसत नाही. मिरचीचा तुकडा पानात आला तरी बाजूला काढतात. इथे ठेचा बोटाने निपटून खाल्ला. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती ही अशी.

“मशीन कुठवर आलं, मिस्त्री?”

“झालंच म्हण. बेड बसला, गियर बसले, मोटर ठरली. आता फक्त चक राहिला. तीन जबड्यांचा. तेवढा मिळाला की लेथ पुरा.”

“मंग?”

“मग पाडव्याला कारखान्यात राजीनामा देणार. मागच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू करणार. दुसऱ्याचे नट आवळून हात म्हातारे झाले बाई.”

“घरच्यास्नी सांगितलं का?”

“सांगू. चक तर येऊ दे.”

“आनते की. हितं न्हाई तर तितं गावंल. पुढच्या रईवारी बघा.”

राजीनामा! दोन मुलं शाळेत, पगारावर चालणारं घर, आणि माझा नवरा नोकरी सोडायला निघाला होता. मी घाबरायला हवं होतं. घाबरलेही, पण ते मागाहून, घरी आल्यावर. त्या क्षणी मनात एवढंच आलं की माझ्या घराचं काय होणार हे ह्या बाईला माझ्या आधी कळलं. हिला भाकरीबरोबर कळलं, आणि मला चक आल्यावर कळणार होतं.

ट्रंकवाला म्हणाला, “मग काय करू बाई? बांधू?” मी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या दिवशी दुपारी मी करडे भाऊजींना गाठलं. “भाऊजी, चक म्हणजे काय हो?”

त्यांनी माझ्या टोपलीतला बटाटा उचलून तीन बोटांत पकडला. “हे बघा. लेथवर लोखंडाचा तुकडा फिरवायचा, तर तो असा गच्च धरायला नको? तो धरणारा जबडा म्हणजे चक. तो नसेल तर लेथ म्हणजे दात पडलेला म्हातारा. नुसता बसून राहणार.” मग डोळे बारीक करून म्हणाले, “पण तुम्हाला कशाला हो?”

“बटाटे सोलायला,” मी म्हटलं.

मग मी शेडमध्ये गेले. इतकी वर्षं मी तिथे फक्त झाडू मारायला जात होते. कोपऱ्यातलं गोणपाट उचललं आणि बघतच राहिले. ज्याला मी भंगार भंगार म्हणून नाकं मुरडली, ते सगळं एकमेकांत बसून एक यंत्र झालं होतं. तेल लावलेलं, पुसलेलं, अगदी चकचकीत. ह्या माणसाने रविवारी रविवारी तुकडे आणून माझ्या घरात यंत्र उभं केलं होतं आणि मी शेजारी धुणं वाळत घालत होते.

तो आठवडा मी ह्यांना बोलायची संधी दिली, अगदी देवाची शपथ. जेवताना विचारलं, “कारखान्यात काय चाललंय?”

“चाललंय.”

“पाडव्याला काही नवं घ्यायचं का?”

“बघू.”

एका रात्री मी मुद्दाम ठेचा केला. ह्यांनी घास घेतला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “तिखट झालाय. पित्त होईल.”

तेव्हा मी ठरवलं की तो चक हौसाबाईकडून ह्यांच्या आधी मीच आणायचा. आणायचा आणि तांदळाच्या पिंपात दडवून ठेवायचा. मग बघू तोंड कसं उघडत नाही ते. चक माझ्याकडे असला की राजीनामाही माझ्याकडे, आणि ज्याला लेथ पुरा करायचाय त्याला माझ्यापुढेच येऊन बसावं लागेल. नुकतीच मला भिशी लागली होती. तिच्यातून मी पाटल्या मोडून नव्या करणार होते. पाटल्या गेल्या उडत.

रविवारी ह्यांची पूजा फार वेळ चालायची. हे आंघोळीला गेले तशी, “देवीला जाऊन येते,” म्हणून मी बाहेर पडले. बाजारात पोचले तेव्हा माणसं अजून माल मांडतच होती. हौसाबाई पोत्यावर बसली होती आणि माल चादरीखाली होता.

“माल दाखवा, बाई.”

“वाईच थांबा, ताई. भवानी न्हाई झाली अजून.”

“म्हणूनच आले. माझ्या हातची करा.”

ती ओशाळली. “आमची भवानी ठरल्याली हाय. एक गिऱ्हाईक हाय, त्येंच्या हाताला गुन हाय. ते आलं की लगीच बघा की तुमी.”

“म्हणजे सवाष्ण बाई सकाळी सकाळी पैसे घेऊन पुढ्यात आलीय आणि तिला तुम्ही परत पाठवणार?”

आणि तिला काही सुचायच्या आत मी तिचा हात धरून तळव्यावर नोट ठेवली. नुसती ठेवली नाही, तिची बोटंही मिटून टाकली. शेजारी जुनी कुलपं विकणारा एक म्हातारा हे बघत होता. तो म्हणाला, “हौसे, हातात आल्याली लक्षुमी फिरवू नगं. दिसभर माशा मारत बसशील.”

हौसाबाईने रस्त्याकडे बघितलं. ह्यांचा पत्ता नव्हता. नाइलाजाने तिने नोट कपाळाला लावली, झाकल्या मालावरूनच ओवाळली आणि विचारलं, “काय पायजे?”

“चक. तीन जबड्यांचा.”

चादरीकडे गेलेला तिचा हात तिथेच थांबला. “तो न्हाई.”

“भवानीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं, हे मी तुम्हाला शिकवायचं का? असेल तर काढा. नसेल तर लक्ष्मीवर हात ठेवून नाही म्हणा.”

कुलूपवाल्या म्हाताऱ्याने मान हलवली. हौसाबाई उठली. ज्या पोत्यावर बसली होती त्याच्यातच तिने हात घातला आणि लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं एक जड गाठोडं बाहेर काढलं. सोडलं. आत चक होता. त्याचे तिन्ही जबडे मिटलेले होते.

“हा आज आणलात?”

“न्हाई. सक्रांतीच्या आदीपास्नं हाय.”

“आणि मिस्त्रींना सांगता पुढच्या रविवारी?”

बोलून गेले आणि जीभ चावली. तिने चक खाली ठेवला.

“तुमी मिस्त्रींच्या वैनी.”

“हो.”

“मला वाटलंच. माल न बघता, भाव न करता पैसं हातात कोंबनारी बाई लोखंड घ्याया आल्याली नसती.”

माझं नाक फेंदारलेलंच होतं. “का नाही दिला त्यांना? ते बिचारे दर रविवारी हेलपाटे घालतात.”

तिने पलीकडे झोपलेल्या नवऱ्याकडे एकदा बघितलं. लाजली नाही की घाबरली नाही. भाव सांगावा तसं सांगितलं, “चक दिला की मशीन पुरं. मशीन पुरं झालं की मिस्त्री रईवारी हितं कशाला येत्याल?”

मीही त्या झोपलेल्या माणसाकडे बघितलं.

“वैनी, वंगाळ काय न्हाई. देवाशप्पत. आमच्या मालकास्नी झोप लई. आन् बाजारात येत्यात ती समदी भाव इचारत्यात. हौसाबाई, केवड्याला? हौसाबाई, कमी कर. एवडंच. मिस्त्री येत्यात तवा मला कुनीतरी दुसरं काय इचारतं.”

काही वाईट नाही एवढंच ऐकायला तर मी आले होते. पण ऐकलं आणि बरं वाटायच्या ऐवजी जास्तच लागलं. वाईट असतं तर भांडता आलं असतं. चार लोक गोळा करून तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या. ह्याला काय उपटणार? जे मला घरात मिळत नव्हतं ते हिला बाजारात मिळत होतं, आणि ते मिळत राहावं म्हणून ही बाई लोखंडावर कोंबडीसारखी बसून राहिली होती. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. हे कळलं म्हणून राग कमी होतो, असं कुणी समजू नये.

“भाव बोला,” मी म्हटलं.

“तुमीच बोला.”

मी बोलले. तिने घासाघीस केली नाही. उलट त्यातलेही थोडे पैसे परत माझ्या हातात ठेवले. “भवानीला येवडं न्हाई घेत मी.” मग चक पुन्हा त्याच तुकड्यात बांधला आणि माझ्या पिशवीत घातला. “त्यास्नी सांगनार का, मी लपिवला म्हनून?”

“बघते.”

“न्या. येक ना येक दिस द्यायाचाच व्हता.”

पिशवी इतकी जड होती की मी दर थोड्या अंतरावर हात बदलत होते. वरून दाखवायला कोथिंबिरीची जुडी घातली. चालता चालता मनात सगळा हिशेब उलटा झाला. पिंपात दडवायचा बेत आता काय कामाचा होता? मी चक दडवला तर हे दर रविवारी पुन्हा बाजारात जाणार. ती पुन्हा भाकरी मोडणार. म्हणजे इतके दिवस ती जे करत होती तेच मी तिच्यासाठी फुकटात करणार! आणि चक दिला तर नोकरी जाणार. एका हाताला पगार होता, दुसऱ्या हाताला रविवार.

आज लोक म्हणतात, खळदकरबाई नवऱ्याच्या मागे खंबीर उभ्या राहिल्या म्हणून वर्कशॉप उभं राहिलं. आमच्या महिला मंडळाने हळदीकुंकवाला माझं भाषणसुद्धा ठेवलं होतं. म्हणू देत. त्या दिवशी माझ्या डोक्यात ना हिंमत होती ना त्याग. होती ती नुसती जळजळ. नोकरी गेली तर गेली, पण ती बाई सुटेल, एवढाच विचार करून मी घराची पायरी चढले.

हे उन्हं चढल्यावर आले. पोतं रिकामं होतं. हातपाय धुतले, पाटावर बसले आणि आपणहून बोलले. “आज बाजारात हौसाबाईची भवानी आधीच झाली होती.”

तिचं नाव ह्यांच्या तोंडून घरात पहिल्यांदा आलं. मी पाठमोरीच राहिले. “बरं मग?”

“कुणी बाई येऊन करून गेली म्हणे. कोण ते बोलली नाही. आज ती कशालाच काही बोलली नाही.”

मी ताट वाढलं नाही. ताटाच्या जागी ते गाठोडं ठेवलं आणि सोडलं.

ह्यांनी चक उचलला, मांडीवर घेतला, सोबतची चावी बसवून फिरवली. तिन्ही जबडे सावकाश उघडले, सावकाश मिटले. बाळाची मूठ उघडून बघावी तसं हे ते बघत होते.

“पाडव्याला राजीनामा द्या,” मी म्हटलं. “माझी ना नाही.”

“तुला कुणी सांगितलं?”

“तुम्ही नाही, एवढं खरं.”

ह्यांनी मान खाली घातली. मग एकदम हसले आणि चक घेऊन शेडकडे निघाले. दाराशी वळून म्हणाले, “चल ना. बघायला चल.”

त्या दुपारी जेवणं तशीच राहिली. हे लेथवर चक बसवत होते आणि बोलत होते. माझ्याशी बोलत होते! पहिलं काम पंपांच्या बुशांचं धरायचं, कुठल्या कंत्राटदाराने शब्द दिलाय, बेड कुणाच्या बंद पडलेल्या कारखान्यातून आला, कुठल्या गियरचा एक दात तुटला होता आणि तो कसा बसवला. लहानपणी गावी लोहाराच्या भात्यापुढे शाळा बुडवून कसे बसायचे, हेही सांगितलं. इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मी खोक्यावर बसून ऐकत होते आणि मध्ये मध्ये पान्हा देत होते. चुकीचा दिला की हे हसत होते. मी जिंकले होते. घरात, माझ्या शेडमध्ये, मला ते सगळं मिळालं होतं जे त्या चादरीपुढे बसून तिला मिळत होतं.

माणसाला जिंकल्यावर गप्प बसता येत नाही. मला तर मुळीच नाही. समोरची हरली आहे हे ह्यांनाही दिसावं, असं मला वाटलं.

“आता एक ऐका,” मी म्हटलं. “तुमच्या त्या हौसाबाईकडे हा चक संक्रांतीच्या आधीपासून होता. पोत्यात लपवून त्यावर बसायची. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करून तुम्हाला झुलवत होती ती बाई.”

हे चिंधीने चकाची कड पुसत होते. पुसायचे थांबले नाहीत.

“माहीत आहे,” म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“तिच्याकडे होता ते. ती एकदा पाणी आणायला गेली होती, मला मालावर लक्ष ठेवायला सांगून. पोतं हाताला कडक लागलं म्हणून आत बघितलं. परत होतं तसं ठेवलं.”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. “कधी?”

“शिमग्याच्या आधी.”

“आणि तरी दर रविवारी जाऊन विचारत होतात, चक आला का म्हणून?”

“हं.”

“मग मागून का नाही घेतला?”

ह्यांनी हाताने चक फिरवला. जड होता, तरी गरगर फिरला आणि हळूहळू मंदावला. तो पुरता थांबेपर्यंत हे त्याच्याकडेच बघत होते.

“मागितला असता,” म्हणाले, “तर तिला द्यावा लागला असता.”

मी उठून आत आले आणि पानं वाढली.

पाडव्याला ह्यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून रविवारी हे घरीच असतात. लेथ आता मुलगा चालवतो. ह्यांना दिसतं कमी, म्हणून ओसरीवर बसतात. माझ्याशी बोलतात, नाही असं नाही. कामाचं बोलतात, नातवंडांचं बोलतात. मी समोर बसून भाजी निवडते आणि ह्या म्हातारपणीसुद्धा कान देऊन असते, बोलता बोलता कधी तिचं नाव निघतंय का म्हणून. ते कधी निघत नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.